रॅगिंग संपतं, ऑफिस सुरू होतं

कॉलेजच्या गेटवरचा तो बोर्ड आठवतोय? पांढऱ्या पाटीवर लाल अक्षरं : 'रॅगिंग करणे हा कायद्याने गुन्हा आहे.' लातूरला शिकला असाल किंवा नांदेडला, मेडिकलला असाल किंवा साध्या बीकॉमला, पाटी तीच. ॲडमिशनच्या फायलीत तुमची आणि तुमच्या बाबांची सही असलेलं एक प्रतिज्ञापत्रही होतं. 'मी कुणाचं रॅगिंग करणार नाही' वगैरे. आपण ते न वाचताच सही ठोकली होती.

आता तुमच्या ऑफिसच्या दारावर काय लिहिलंय ते आठवा. 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात.' आणि रिसेप्शनच्या मागे एक पोस्टर. होडी वल्हवणारी आठ माणसं, खाली टीमवर्कवरचं एखादं वाक्य. बस्स!

गंमत बघा. सेकंड इयरच्या मुलाने फर्स्ट इयरवाल्याला हॉस्टेलमध्ये सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या, तर महाराष्ट्राचा कायदा धावून येतो. चार वर्षांनी तोच फर्स्ट इयरवाला टाय लावून नोकरीला लागतो. टार्गेट हुकलं म्हणून मॅनेजर त्याला मंथली मीटिंगमध्ये पंधरा जणांसमोर उभं करतो. 'खुर्चीवर बसायची लायकी आहे का तुझी? मीटिंग संपेपर्यंत उभाच राहा!' पंधरा जण मोबाइलमध्ये बघायला लागतात. आणि कायदा? कायदा म्हणतो, बाळा, तू आता मोठा झालास!

रात्री घरी फोन. 'आई, साहेब लई बोलायलेत.' पलीकडून बाबांचा आवाज : 'पहिली नोकरी हाय, ऐकून घ्यावं लागतंय.' फोन ठेवला की पोटात गोळा. उद्या परत नऊ वाजता पंच करायचंय.

ही स्टोरी कुणा एकाची नाही. टार्गेटच्या जागी फाइल घाला, मॅनेजरच्या जागी मालक, मॅडम, साहेब, ट्रस्टी... जे हवं ते घाला. तर या वेळी आपला विषय हाच. ऑफिसातल्या दादागिरीला कायदा का नाही? आणि आणायचाच तर तो कसा असेल?

सात दिवसांचा कायदा

आधी ज्या कायद्याच्या पाटीखालून आपण तीन-चार वर्षं रोज गेलो, तो उघडून बघू. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ सालचा. विधिमंडळाने केलेला, अस्सल मऱ्हाटी माल! त्यात रॅगिंगची व्याख्या मारहाणीपुरती नाही. ज्या वागण्याने विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होते, भीती वाटते, लाज वाटते, ओशाळल्यासारखं होतं, ते सगळं त्यात येतं. चिडवणं, शिव्या देणं, धमकावणं, आणि एरवी तो जे खुशीने करणार नाही ते त्याला करायला लावणं... सगळं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड.

पण खरा फंडा पुढे आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. नाही दिसलं तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी दुर्लक्ष केलं, तर त्यांनीच रॅगिंगला मदत केली असं कायदा धरतो. 'मुलांची मस्ती चालायचीच' म्हणून हात झटकायची सोय नाही.

म्हणजे अपमानाने इजा होते, हे आपल्या राज्याने पंचवीस वर्षांपूर्वीच कागदावर मान्य केलंय. फक्त 'विद्यार्थ्या'च्या बाबतीत.

हा 'फक्त' किती महाग पडतो ते बघा. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगावच्या एका तरुण डॉक्टरने जीव दिला. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. त्यात आत्महत्येस प्रवृत्त करण्याचं कलम होतं, ॲट्रॉसिटी कायदा होता आणि १९९९ चा रॅगिंग कायदाही होता. निवासी डॉक्टर वॉर्डात राबते, नाइट करते, स्टायपेंड घेते. तरीही ती कागदोपत्री विद्यार्थी असते. म्हणून रॅगिंगचा कायदा लावता आला. त्याच वॉर्डातल्या नर्सला, टेक्निशियनला, क्लार्कला वरिष्ठांनी तसाच त्रास दिला असता, तर हा कायदा लागला नसता. वॉर्ड एक, ड्युटी एक आणि कायदे दोन!

विष्णुपुरीतला झाडू

आता नांदेड. विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथे चोवीस रुग्ण दगावले. त्यात बारा नवजात बाळं होती. सगळा महाराष्ट्र हादरला. लोकांचा राग खरा होता आणि रास्तही.

३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील रुग्णालयात आले. शौचालयांची घाण त्यांनी पाहिली. आणि त्यानंतर महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू आला. अधिष्ठाते शौचालय साफ करतायत, आजूबाजूला माणसं, समोर कॅमेरा. व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोहोचला होता. तुमच्याही फोनवर आला असेल.

कुणी म्हणालं, बरं झालं, अद्दल घडली. डॉक्टरांच्या संघटनांनी निषेध केला. माझं म्हणणं एवढंच की रुग्णालयात घाण असेल, औषधं नसतील, माणसं मरत असतील, तर चौकशी करा, निलंबित करा, कोर्टात खेचा. त्यासाठी नियम आहेत. कॅमेऱ्यासमोर हातात झाडू देणं ही कारवाई नाही, तो पाणउतारा आहे. त्याने एका तरी वॉर्डात एक तरी नर्स वाढली का? उलट झाडू मारणं म्हणजे शिक्षा, असं त्या व्हिडिओने सांगितलं. रोज पहाटे त्याच वॉर्डात झाडू मारणाऱ्या मावशींनी तो व्हिडिओ बघून काय समजायचं?

अधिष्ठात्यांच्या तक्रारीवरून खासदारांवर गुन्हा दाखल झाला. शासकीय कामात अडथळा, बदनामी आणि ॲट्रॉसिटी कायदा अशी कलमं त्यात होती. आता एक छोटी वजाबाकी करा. समजा, तो माणूस सरकारी नोकर नाही. समजा, ॲट्रॉसिटी कायदा त्याला लागू होत नाही. समजा, व्हिडिओही नाही. तो लातूरच्या गंजगोलाईतल्या एखाद्या दुकानातला अकाउंटंट आहे, आणि झाडू हातात देणारा त्याचा स्वतःचा मालक आहे.

उरलं काय? जवळजवळ काहीच नाही.

दारं आहेत, पण दुसऱ्यांची

'काहीच कसं नाही? इतके कायदे आहेत की!' असं एखादा वकील मित्र म्हणेल. बरोबर आहे. एकेक दार ठोठावून बघू.

पहिलं दार २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, म्हणजे आपला 'पॉश'. चांगला कायदा. राजस्थानातल्या भंवरीदेवी प्रकरणातून १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि त्यानंतर सोळा वर्षांनी हा कायदा. पण तो स्त्रियांसाठी आहे आणि छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तरच लागू होतो. बॉस सगळ्यांना समान शिव्या देत असेल, तर पॉशमध्ये बसत नाही!

दुसरं दार कामगार कायद्यांचं. अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९७१ चा. सूडबुद्धीने कामावरून काढणं किंवा 'कंपनीचं धोरण' या गोंडस नावाखाली आकसाने बदली करणं, याला त्या कायद्याने अनुचित प्रथा म्हटलं. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. पण हे दार 'कामगारा'साठी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत व्यवस्थापकीय काम करणारे कामगार नाहीत. महिना १८ हजारांहून जास्त पगार घेणारे पर्यवेक्षकही नाहीत. व्हिजिटिंग कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापून आल्यावर आपण पेढे वाटले होते, आठवतं? (घाबरू नका. कोर्ट पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतं. पण ते सिद्ध करायला आधी कोर्टात जावं लागतं.)

तिसरं दार सरकारी नोकरांचं. महाराष्ट्राने २००५ मध्ये बदल्यांचा कायदा केला. एका पदावर साधारण तीन वर्षं आणि मुदतीआधी हलवायचं तर कारणं द्यायची. साहेबांच्या हातातलं एक हत्यार तरी बोथट झालं. पण बदली न करताही रोज दहा वाजता केबिनमध्ये बोलावून माणसाला सोलता येतं. त्याचं काय?

चौथं दार पोलिस ठाण्याचं. इथे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल माहीत हवेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वरिष्ठाने कामावरून रागावणं, कडक बोलणं एवढ्याने 'हेतुपुरस्सर अपमाना'चा गुन्हा होत नाही; नाहीतर कामाच्या जागी शिस्तच राहणार नाही. दुसरं प्रकरण आपल्या मराठवाड्यातलं. औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये आत्महत्या केली. कामाचा डोंगर, सुट्टीच्या दिवशी काम, थांबवलेला पगार अशी कुटुंबाची तक्रार होती. वरिष्ठावरचा गुन्हा रद्द करायला औरंगाबाद खंडपीठाने नकार दिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. जास्त काम दिलं म्हणून आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा हेतू होता असं म्हणता येत नाही, असा त्याचा आशय.

हे निकाल ऐकून राग येतो. पण थंड डोक्याने बघितलं तर न्यायालय चुकीचं बोलत नाहीये. फौजदारी कायद्याला हेतू लागतो, आणि रागावणाऱ्या प्रत्येक बॉसला तुरुंगात टाकता येत नाही. प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडे या टोकाला 'ऐकून घे बाबा' आहे आणि त्या टोकाला आत्महत्येचा गुन्हा. मध्ये काहीच नाही. माणूस जिवंत असताना, नोकरीत असताना, त्याने जाऊन सांगावं अशी जागाच नाही.

बॉस कडक आहे की छळतोय?

'मग काय, बॉसने बोलायचंच नाही का?' हा प्रश्न येणारच. मालकांच्या संघटनांचा पहिला आक्षेपही जगभर हाच असतो. त्याचं बरंच सोपं उत्तर जपानने दिलंय. तिथे याला 'पॉवर हॅरॅसमेंट' म्हणतात. २०१९ मध्ये कायदा झाला, मोठ्या कंपन्यांना जून २०२० पासून आणि छोट्यांना एप्रिल २०२२ पासून लागू झाला. तिथल्या सरकारने त्याचे सहा प्रकार सांगितलेत. आपल्या ऑफिसला लावून बघा.

एक, अंगावर हात टाकणं. यात वाद नाही.

दोन, चारचौघांत पाणउतारा, धमक्या, शिवीगाळ. रात्री साडेदहाला ग्रुपवर टार्गेटची यादी आणि तुमच्या नावापुढे लाल फुली, हेही यातच धरायला हवं.

तीन, एकटं पाडणं. मीटिंगचा मेसेज सगळ्यांना, तुम्हाला नाही. चहाला सगळे, तुम्ही नाही.

चार, अशक्य काम देणं. शनिवारी संध्याकाळी सांगायचं की सोमवारपर्यंत किनवटपासून देगलूरपर्यंतची सगळी वसुली पाहिजे!

पाच, मुद्दाम काम काढून घेणं. एमबीए झालेल्या मुलीला महिनाभर झेरॉक्स काढायला बसवणं.

सहा, खासगी आयुष्यात नाक खुपसणं. लग्न कधी, मूल कधी, सासरी पटतं का...

आणि 'हा रिपोर्ट चुकलाय, उद्यापर्यंत दुरुस्त करून आण' हे यातल्या एकाही खान्यात बसत नाही. अप्रेजलला कमी रेटिंग मिळणं, कामाची चूक दाखवणं, उशिरा आल्याबद्दल मेमो हे सगळं नोकरीचा भाग आहे. कडक बॉस कामाबद्दल बोलतो. छळणारा बॉस तुमच्याबद्दल बोलतो. एवढा फरक आपल्यालाही कळतो आणि त्यालाही.

दक्षिण कोरियात तर यासाठी खास शब्द आहे, 'गॅपजिल'. वरच्याने खालच्यावर मिजास दाखवणं. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या विमान कंपनीच्या मालकाच्या मुलीला सुकामेवा बशीऐवजी पाकिटात दिला म्हणून तिने न्यूयॉर्कच्या विमानतळावर धावपट्टीकडे निघालेलं विमान मागे वळवून कर्मचाऱ्याला खाली उतरवलं. देश पेटून उठला. अशी आणखीही प्रकरणं बाहेर येत गेली, आणि १६ जुलै २०१९ पासून कोरियात कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्धचा कायदा लागू झाला. तक्रार आली की मालकाने लगेच चौकशी करायची, आणि तक्रारदारावर सूड उगवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. उणीव एकच, पण आपल्यासाठी महत्त्वाची. पाचपेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी तो लागू नाही.

अमेरिकेत गाडी कुठे अडली

प्रत्येक ठिकाणी इतकं सुरळीत झालं असं नाही. अमेरिकेत डेव्हिड यामादा नावाच्या बोस्टनच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी एक मसुदा लिहिला, 'हेल्दी वर्कप्लेस बिल'. तिथेही राज्यं आपापले कामगार कायदे करतात. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात तो पहिल्यांदा मांडला गेला. मग तीसच्या आसपास राज्यांत कुणी ना कुणी तो मांडला. पण मूळ रूपात एकाही राज्यात तो मंजूर झाला नाही. 'खोट्या केसेसचा पाऊस पडेल' ही मालकांची भीती दर वेळी आडवी आली. टेनेसीने २०१४ मध्ये सौम्य आवृत्ती काढली, कॅलिफोर्नियाने २०१५ पासून मॅनेजरांना ट्रेनिंग सक्तीचं केलं. पूर्ण कायदा झाला तो पोर्तो रिकोत, २०२० मध्ये.

आपल्याकडे सगळ्यात जवळचा प्रयत्न खासदार सुप्रिया सुळे यांचा. ऑफिस सुटल्यावर बॉसचा फोन न उचलण्याचा हक्क देणारं विधेयक त्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. पण ते खासगी विधेयक. स्वातंत्र्यानंतर संसदेने अशी फक्त १४ विधेयकं मंजूर केली आहेत, आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये! म्हणजे दिल्लीकडे डोळे लावून बसलो तर आपली रिटायरमेंट आधी येईल.

पण दिल्लीची वाट बघायची गरजच नाही. कामगार कल्याण हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय आहे. केंद्र कायदा करू शकतं, राज्यही करू शकतं. केरळमध्ये कापडदुकानांतल्या सेल्सवुमन दिवसभर उभ्या असायच्या, बसायला स्टूलही नसायचं. त्यांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. २०१८ मध्ये केरळने दुकान कायद्यात दुरुस्ती करून त्यांना बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही दिला. एका स्टुलासाठी कायदा होऊ शकतो, तर आपल्या इज्जतीसाठी का नाही?

लातूर-नांदेडला तो जास्त का हवा

'आमच्या पुण्याच्या कंपनीत एचआर पॉलिसी आहे, हेल्पलाइन आहे,' असं म्हणणारे मित्र आपल्यात आहेत. असेलही. ती पॉलिसी कितपत चालते तो वेगळा विषय. पण नांदेड-लातूरचं काय? क्लासेसची ऑफिसं, खासगी दवाखाने, पतसंस्था, शोरूम, शाळा-कॉलेजच्या संस्था. माणसं आठ, बारा, फार तर वीस. एचआर म्हणजे मालकाचा मेहुणा. मालक म्हणजे बाबांच्या ओळखीचे, नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागलेली. तक्रार करायची कुणाकडे? आणि सोडून गेलो तर दुसरी नोकरी याच गावात, याच चार-पाच मालकांपैकी कुणाकडे तरी. एक फोन गेला की विषय संपला. मग ओरिजिनल मार्कशीट त्यांच्या कपाटात, एक्स्पीरियन्स लेटर 'बघू' म्हणून लटकलेलं. मुलं रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुण्याला जातात, ती काय फक्त पगारासाठी?

म्हणून महाराष्ट्राच्या कायद्यात काय असावं, याची माझी छोटी यादी. यातलं बहुतेक सगळं आपल्याच दोन कायद्यांतून उसनं घेता येतं.

१९९९ च्या कायद्यातून व्याख्या घ्यायची. भीती, लाज, मानसिक इजा. 'विद्यार्थी'च्या जागी 'काम करणारी व्यक्ती' लिहायचं. कायम, कंत्राटी, ट्रेनी सगळे. सात दिवसांत चौकशी सुरू, आणि दुर्लक्ष करणारा प्रमुख स्वतः जबाबदार.

२०१३ च्या कायद्यातून रचना घ्यायची. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. ही सोय पॉशमध्ये आधीपासून आहे. गंजगोलाईतल्या आपल्या अकाउंटंटला नेमकी तीच हवी आहे.

तुरुंगाची घाई नको. समज, माफी, भरपाई, विभाग बदलणं आणि वारंवार केलं तर दंड. पण तक्रारदाराची बदली, पगार आणि एक्स्पीरियन्स लेटर यांना हात लावला, तर मात्र कडक शिक्षा. आणि कामाबद्दलची रास्त टीका म्हणजे छळ नाही, हे स्पष्ट लिहायचं. त्याने मालकांची भीतीही कमी होईल.

कायदा झाला की सगळं आलबेल होईल? छे! मे २०२३ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पॉशच्या अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवलं. कायदा होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. तरीही फरक पडतोच. रॅगिंग आजही पूर्ण थांबलेलं नाही, पण 'सीनिअर्स आहेत, करणारच' असं आज कुठला प्रिन्सिपॉल उघडपणे म्हणू शकत नाही. ऑफिसात ते वाक्य अजून रोज बोललं जातं.

तोपर्यंत काय?

कायदा येईल तेव्हा येईल. आज त्रास होत असेल तर या गोष्टी करा.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होतं. 'ते नेहमी ओरडतात' याला किंमत नाही, '१२ तारखेला सव्वाअकराला पाच जणांसमोर हे म्हणाले' याला आहे. तोंडी सूचना मिळाली की त्याचा साधा ईमेल टाका : 'आपण सांगितल्याप्रमाणे...' मेसेज डिलीट करू नका. अपॉइंटमेंट लेटर आणि सॅलरी स्लिपच्या कॉपी घरी ठेवा. ओरिजिनल कागद कुणाला देऊ नका.

छळ लैंगिक असेल तर अंतर्गत किंवा जिल्ह्याची स्थानिक समिती, तीन महिन्यांच्या आत. जातीवरून असेल तर ॲट्रॉसिटी कायदा. पगार अडवला किंवा आकसाने काढून टाकलं, तर जिल्ह्याचं कामगार कार्यालय गाठा. आपण 'मॅनेजर' आहोत असं स्वतःच गृहीत धरून गप्प बसू नका. आणि झोप उडाली असेल, सगळं संपवावंसं वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. नोकरी दुसरी मिळते.

आणि तुमच्याशी असं काही होत नसेल, तर? तर मीटिंगमध्ये मोबाइलकडे बघणाऱ्या त्या पंधरा जणांत आपण असतो. निदान मीटिंगनंतर त्याच्या टेबलाशी जा. 'चल, चहा घेऊ. झालं ते बरोबर नव्हतं. लागलं तर मी सांगेन काय झालं ते.' कायद्याला साक्षीदार लागतो, आणि माणसाला त्याच्या आधी लागतो.

एक शेवटचं. येत्या तीन-चार वर्षांत तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या हाताखाली चार माणसं येतील. तेव्हा 'आम्हालाही असंच बोलून बोलून तयार केलं' हे वाक्य जिभेवर आलं, तर जरा थांबा. हॉस्टेलमधले सीनिअर्सही आपल्याला हेच सांगायचे.

तोवर, मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराला एक पानाचं पत्र टाकायला हरकत नाही. विषय एका ओळीचा आहे : कॉलेजच्या गेटवरची पाटी ऑफिसच्या गेटवरही लावा.